पारोशी द्राक्षं

‘‘झाकण उघडायचं नाही. आधी कान लावायचा. आत काम चालू असेल तर ऐकू येतंच.’’

मामंजींनी हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं जिन्याखाली उकिडवे बसलो होतो आणि मध्ये मोठ्या पोटाची काचेची बरणी होती. दरवर्षी द्राक्षं तोडून वाइनच्या कारखान्याला गेली की मागे उरलेल्या घडांची ते ही एवढी एक बरणी घालायचे. ती राखायचं काम माझ्याकडे असे. पहाटे उठून आंघोळ, दिवा, जप, जप संपेपर्यंत मौन, आणि मद्याच्या थेंबाला न शिवणं, हे माझं लग्नाआधीपासून चालत आलेलं. त्यामुळे घरात बरणीला सगळ्यात कमी धोका माझ्यापासून. ‘‘तू नुसती ऐकत जा, सूनबाई,’’ ते म्हणायचे, ‘‘बाकीचे लोक ऐकता ऐकता चाखायला लागतात.’’ आणि हे म्हणताना माझ्या नवऱ्याकडे बघायचे.

मामंजी गेले. त्यानंतरच्या तोडण्या कशाबशा झाल्या. मग एका वर्षी कारखान्याचा माणूस आला, हात मागे बांधून वेलींमधून फिरला, एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाला, ‘‘तुमच्या मालात मीठ लागतं.’’

लागणारच. आमची बाग उतारावर आहे आणि उताराच्या पायथ्याशी समुद्र. संध्याकाळी वारा सुटला की खिडक्यांच्या काचा आंधळ्या होतात आणि नवी सायकल बघता बघता गंजते. पण तेच मीठ इतकी वर्षं त्यांना चाललं होतं. आता दुसरीकडून गोड माल मिळायला लागला, एवढंच.

‘‘उपटून टाका त्या वेली,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘ते होते तोवर ठीक होतं. आता कोण मरणार आहे त्यांच्यामागे?’’

‘‘उपटायलाही माणसं लागतात,’’ हे म्हणाले. हे बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. कुठलीही गोष्ट चालू ठेवण्यापेक्षा बंद करायला जास्त खटपट लागते, असं यांचं ठाम मत आहे.

हे सगळं फोनवर वन्संच्या कानावर गेलं. माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते, जरी त्या माझ्याहून लहान आहेत आणि मला ‘वहिनी, तू’ म्हणतात. शहरात साबणाच्या एका कंपनीत त्यांना वास तपासायची नोकरी होती. इतकी वर्षं त्या सुट्टीला यायच्या आणि दोन दिवसांत परत जायच्या. या वेळी म्हणाल्या, ‘‘एकही वेल उपटू नका. मी येते.’’ आणि दोन बॅगा व एक सूक्ष्मदर्शक घेऊन खरंच आल्या. त्यांच्या साहेबांनी जागा राखून ठेवली होती. द्राक्षांचा हंगाम संपला की येणार की नाही ते कळवायचं, असं ठरलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हात आपटला.

‘‘आपल्या द्राक्षांची आपली वाइन. थोडीच करायची, पण हाताने. मीठ लागतं म्हणून नाक मुरडतात ना? तेच मीठ आपण विकायचं.’’

‘‘मीठ बाजारात फार स्वस्त मिळतं,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘आई!’’

‘‘एक हंगाम देते. एकच. जमलं तर जमलं. नाही तर तू तुझ्या साबणाकडे आणि वेली चुलीत.’’

बोलणं असं तोडून टाकणारं, पण लेक येणार म्हणून तिच्या खोलीचे पडदे दोनदा धुऊन वाळवताना मी त्यांना पाहिलं होतं. गादीला ऊन दाखवलं होतं, भिंतीवरचं घड्याळ उतरवून मागून पुसलं होतं. ‘राहा’ हा शब्द त्यांना जमत नाही. त्याऐवजी त्या धुतात.

‘‘वहिनी, तुला चालेल ना?’’ वन्संनी विचारलं. ‘‘म्हणजे, तुझं ते सगळं नेमधर्माचं...’’

‘‘घरात दारूचा कारखाना चालेल का, असं विचारतेय,’’ सासूबाईंनी फोड केली.

‘‘मी घेणार नाही, एवढंच मी देवाला कबूल केलंय,’’ मी म्हटलं. ‘‘दुसऱ्यांच्या वतीने मी काही बोललेली नाही.’’

‘‘वाचलो!’’ हे म्हणाले.

घरालगतच, यांच्या दुरुस्तीच्या कारखान्याला लागून, बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना होता. जाड भिंती, उंच छत, बाहेर ऊन असलं तरी आत गारवा. तो आम्हाला मिळाला. दुधाच्या डेअरीने मोडीत काढलेली स्टीलची टाकी यांनी आणली आणि बोटीचा दोरखंड ओढायच्या चाकापासून चोथा पिळायचं यंत्र बनवलं. ते चालताना असा आवाज करायचं की बंदरावरची माणसं जहाज लागलं की काय म्हणून बघायला येत. भिंती, फरशी आणि टाकी सासूबाईंनी घासली. घासली म्हणजे काय, तर यांना मधेच जाऊन सांगावं लागलं, ‘‘आई, आता खाली विटा लागतील.’’ साबण वापरायच्या आधी साबण धुणारी बाई आहे ती.

तोडणीच्या दिवशी वारा पडलेला होता. बंदरावरच्या ओळखीच्या बायका मदतीला आल्या आणि संध्याकाळपर्यंत वेली रिकाम्या झाल्या. क्रेट घरामागच्या पडवीत रचून ठेवले. वन्सं त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘‘आता यांना कोणी हात लावायचा नाही. उद्या द्राक्षं जशी आहेत तशी टाकीत जातील.’’

‘‘जशी आहेत तशी?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘जशी आहेत तशी.’’

वन्सं आत गेल्यावर सासूबाईंनी एक घड उचलला, मण्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. त्यावर पांढरट भुकटी होती, मीठ होतं आणि कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा.

‘‘पारोशी!’’ त्या कुजबुजल्या. ‘‘पारोशी द्राक्षं टाकीत घालणार आहे माझी लेक. एवढी शिकलेली!’’

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दिवा लावून खिडकीशी जपाला बसले होते. खाली पडवीतून वाफ वर येताना दिसली. सासूबाई बाह्या सरसावून एकेक क्रेट गरम पाण्याच्या टबात बुडवत होत्या, दुसऱ्या टबात खळबळत होत्या आणि घड पंचांवर निथळत घालत होत्या. मी बघतेय हे त्यांना कळलं. त्या खिडकीखाली आल्या.

‘‘काही म्हणायचंय?’’

माझं मौन चालू होतं. मी काहीच म्हटलं नाही.

‘‘मग झालं तर. म्हणजे तुलाही पटलंय.’’

आणि खरं सांगायचं तर मला त्यात वावगं काही वाटलंही नाही. आपण फळ धुऊन खातो, धुऊन वाटतो. वन्सं उठल्या तोवर क्रेट जिथल्या तिथे होते. ‘‘काय दव पडलंय!’’ त्या म्हणाल्या. मी तेव्हा आत चहाच्या मागे होते, आणि सासूबाई दवाबद्दल बोलायला तयार नव्हत्या.

त्या दिवशी आम्ही खूप हसलो. पाय घासून धुऊन चौघंही टबात उतरलो आणि द्राक्षं तुडवली. यांच्या पायांना जांभळा रंग असा बसला की नंतर बरेच दिवस मोजे घालून हिंडत होते. सालीसकट सगळा रस टाकीत गेला. वन्संनी वर फडकं बांधलं आणि म्हणाल्या, ‘‘आता आपण काही करायचं नाही. आता ती करतील.’’

रोज जप झाला की मी बर्फाच्या कारखान्यात जाऊन टाकीला कान लावायची. पहिल्या दिवशी काही नाही. वन्सं म्हणाल्या, इतक्यात नसतंच. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी मी इतका वेळ कान लावून बसले की स्टीलचा गारवा गालात शिरला. आत विहिरीसारखी शांतता.

त्या दुपारी जेवताना वन्संनी यांना समजावून सांगितलं. ‘‘दादा, द्राक्षाच्या सालीवर ती पांढरी भुकटी दिसते ना, तिच्याबरोबर यीस्ट असतं. जिवंत. ते साखर खातं आणि वाइन होते. आपल्या विरजणासारखं समज. पाकिटातलं विकत आणून घातलं तर कुठलीही वाइन होईल. आपली व्हायची तर आपल्याच बागेतलं हवं, आपल्याच वाऱ्यातलं. म्हणून तर म्हटलं, जशी आहेत तशी.’’

माझा हात ताटातच राहिला. सासूबाई पुसलेला चमचा पुन्हा पुसत होत्या.

जेवणं आटोपल्यावर त्यांनी मला मोरीपाशी गाठलं.

‘‘सूनबाई.’’

‘‘हं.’’

‘‘तुझं ते मौन जरा लांबवता येत नाही का? दुपारपर्यंत? किंवा असं कर, आठवडाभर?’’

‘‘आई, मौन देवासाठी असतं.’’

‘‘हेही देवासाठीच समज. आता मला वाचवलं तर त्यानेच वाचवायचंय.’’

‘‘मी आपणहून काही सांगणार नाही. पण वन्संनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. त्यापेक्षा तुम्हीच सांगून टाका ना.’’

‘‘काय सांगू? तुझ्या सगळ्या मेहनतीला मी साबण लावला?’’

‘‘साबणसुद्धा?’’

‘‘नाही गं! नुसतं गरम पाणी.’’ त्या थांबल्या. ‘‘दोनदा.’’

मग त्या स्टुलावर बसल्या. ओल्या हातांनी कधी कुठे बसत नाहीत, पण बसल्या. ‘‘ती जाईल गं परत,’’ एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता.

त्यानंतर घरात चौकशीचं सत्र सुरू झालं. वन्सं एकेकाला पकडत होत्या. ‘‘दादा, टाकीजवळ डिझेलचे हात घेऊन गेला होतास?’’

‘‘मी? आईच्या राज्यात? अगं, तिथे शिरायच्या आधी मी हात धुतो, आणि हात धुवायच्या आधी नळ धुतो.’’

मग त्यांनी टाकीवर संशय घेतला. मग वाऱ्यावर. रसाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून तासन्‌तास बसल्या आणि शेवटी म्हणाल्या की आत कोणी नाहीच. मी त्या समोरून आल्या की भांडी घेऊन मोरीत पळायची. त्या दिवसांत मी जितकी भांडी घासली तितकी घरात नव्हतीच. तीच तीच घासली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी त्या टेबलाशी येऊन बसल्या, केस विस्कटलेले, बोटं जांभळी. ‘‘खारा वाराच असणार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी ज्याच्या जिवावर उड्या मारत होते, त्या वाऱ्यानेच सालीवरचं सगळं मारलं असेल. म्हणजे ही बागच कामाची नाही. कारखानावाला बरोबर होता.’’

‘‘पाकीट आण ना मग,’’ हे म्हणाले.

‘‘आणीन. रस फुकट जाऊ द्यायचा नाही. थंडीमुळे अजून बिघडला नाहीये, पण फार दिवस थांबणार नाही.’’ त्यांनी टेबलावरचा एक कण बोटाने ढकलला. ‘‘पण मग साहेबांनाही येते म्हणून कळवते. पाकिटातलंच करायचं तर साबण काय वाईट आहे?’’

माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या लेकीच्या जांभळ्या बोटांकडे बघत होत्या.

‘‘दुसरा काही उपाय?’’ यांनी विचारलं.

‘‘आहे, पण उपयोग नाही. आपल्याच जातीची टोपलीभर द्राक्षं मिळाली असती, वेलीवरची, कोणी न हाताळलेली, तर बरणीत विरजण करून बघता आलं असतं. एक शेवटचं. निदान वाऱ्याचा दोष आहे की नाही ते तरी कळलं असतं. पण आपल्या वेलीवर उरलेला मणी न मणी पाखरांनी नेला.’’

‘‘आपल्या,’’ हे म्हणाले, आणि खिडकीकडे बघितलं.

मग आम्ही सगळ्यांनीच खिडकीकडे बघितलं, आणि मग सासूबाईंकडे.

खिडकीबाहेर कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे भोंगेकाका राहतात. धुकं पडलं की बंदरावरचा भोंगा वाजवायची नोकरी त्यांनी जन्मभर केली. त्यात कान अर्धे गेले आणि आवाज दुप्पट झाला. त्यांच्या अंगणात द्राक्षाचा मांडव आहे, आणि त्याचा वेल मामंजींनीच आपल्या बागेतली काडी देऊन लावलेला. दोघं रोज संध्याकाळी त्या मांडवाखाली बसायचे. भांडण होतं ते सासूबाईंचं. मांडवावरची पिकली द्राक्षं पाखरं खायची आणि नंतर आमच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर बसायची. पुढचं सांगायला नको. मामंजी होते तोवर ते मध्ये पडून सांधत राहिले. ते गेल्यावर एकदा सहा चादरी एकदम रंगल्या. सासूबाईंनी त्या कुंपणावर टाकून दाखवल्या, भोंगेकाका काहीतरी बोलले, त्या काहीतरी बोलल्या, आणि बोलणं संपलं. त्यानंतर भोंगेकाकांनी मांडवाला वरून खालपर्यंत जाळी बांधली. रागाने बांधली असेल, पण त्या जाळीमुळे त्यांच्या वेलीवर अजून घड लटकत होते.

‘‘मी जाऊन मागते,’’ वन्सं म्हणाल्या.

‘‘तू बस,’’ सासूबाई उठल्या. ‘‘मी जाते.’’ सगळे बघतच राहिलो. त्यांनी शाल घेतली, मला हाताने खूण केली. ‘‘तू चल बरोबर. पण बोलू नकोस.’’

‘‘आई, आत्ता माझं मौन नाहीये.’’

‘‘म्हणूनच सांगतेय.’’

वन्सं अर्थातच बसल्या नाहीत. टोपली घेऊन मागोमाग आल्या.

भोंगेकाका कुंपणापलीकडे खुर्चीवर बसून बुटाला पॉलिश करत होते. सासूबाईंना बघून बूट खाली ठेवला.

‘‘कोण? वहिनीसाहेब? या, या! चादर आणलीत की आज तशाच?’’ हे बंदरापर्यंत ऐकू गेलं असेल.

‘‘द्राक्षं हवी आहेत,’’ सासूबाई त्यांच्या डोक्यावरच्या जाळीला म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘द्राक्षं!’’

‘‘तुमची कुठे गेली?’’

‘‘टाकीत आहेत. पण त्यांचं काही चालू होत नाहीये.’’

‘‘चालू कसं होईल?’’ भोंगेकाका गडगडले. ‘‘अहो, वाफेचं पाणी ओतलंत त्यांच्यावर! बघितलं की मी, त्या दिवशी पहाटे, इथूनच. एका टबातून काढलं की दुसऱ्या टबात! पंचाने अंग पुसलंत. मी म्हटलं, आता पावडर लावून भांग पाडतात की काय!’’

मी डोळे मिटून घेतले. मागे टोपली खाली पडल्याचा आवाज आला.

‘‘आई?’’ वन्सं म्हणाल्या.

सासूबाई वळल्या नाहीत. शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. ‘‘पारोशी होती ती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझं पहिलं काम. मला वाटलं, स्वच्छ व्हावं.’’

मी डोळे उघडले तर वन्सं पालथ्या टोपलीवर बसल्या होत्या, तोंड हातांत, खांदे गदगदत होते. मी जवळ गेले. रडत नव्हत्या.

‘‘म्हणजे वारा नाही!’’ त्या हसता हसता धापा टाकत होत्या. ‘‘टाकी नाही, बाग नाही, मी नाही! आंघोळ! मी चार दिवस जगभरचे रोग शोधतेय आणि इकडे आंघोळ!’’ मग त्यांनी माझ्याकडे बोट रोखलं. ‘‘आणि तू! तुला माहीत होतं?’’

‘‘तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.’’

‘‘म्हणून मोरीत जाऊन बसत होतीस! मला वाटलं, वहिनीला काय झालंय, भांड्यांना जखमा होतील आता.’’

‘‘द्राक्षं न्यायची आहेत ना?’’ भोंगेकाका ओरडले. त्यांना आमचं अर्धंच ऐकू गेलं होतं. ‘‘सगळी न्या. जाळी तुमच्यामुळे आहे, तेव्हा पीकही तुमच्यामुळेच उरलंय. पण एक अट आहे.’’

‘‘बोला,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘पहिली बाटली माझी. आणि ती कोणाच्या हाती पाठवून द्यायची नाही. तुम्ही घेऊन यायचं, या मांडवाखाली त्या बाकावर बसायचं, आणि एक पेला माझ्याबरोबर घ्यायचा.’’ मग त्यांनी आवाज उतरवला. त्यांचा उतरवलेला आवाज म्हणजे आपला नेहमीचा. ‘‘तो गेल्यापासून त्या बाकावर कोणी बसलेलं नाही.’’

सासूबाईंनी पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे बघितलं.

‘‘दिलं वचन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाक तेवढा पुसून ठेवा.’’

जिन्याखालची बरणी काढली. ती मात्र उकळून घेतली, आणि ते काम वन्संनी सन्मानाने आईला दिलं. पण द्राक्षं आल्यावर फर्मान निघालं, ‘‘आईला बरणीपासून चार हात लांब बसवा.’’ सासूबाई खुर्चीवर हात मांडीखाली दाबून बसल्या. धूळ, मीठ, भुकटी, एका घडावर चालणारी मुंगी, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. फक्त मुंगीला म्हणाल्या, ‘‘तू तरी उतर.’’

बरणी चुलीच्या उबेला ठेवली. दुसऱ्या दिवशी मी जप संपवून कान लावला, आणि लगेच मागे झाले, कारण आधी वाटलं की माझ्याच कानात काहीतरी झालंय. पुन्हा लावला. बारीक, घाईघाईची कुजबुज. मी जन्मात कधी ओरडत नाही, पण त्या दिवशी अशी हाक मारली की हे साबणाच्या फेसासकट न्हाणीघरातून बाहेर आले.

बरणीला फेस धरला, जोर आला, तेव्हा ती टाकीत ओतली. वन्सं ओतत असताना मी मनात देवाला म्हटलं, मी तुझ्याकडे पिण्याचं काही मागत नाहीये, हिला राहू दे एवढंच मागतेय, बाकी तू समजून घे. एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीवरचं फडकं हळूच फुगलं. सालींचा जाड थर वर आला, त्याला भेगा पडल्या आणि भेगांतून जांभळा फेस उसळायला लागला. बर्फाच्या त्या गार कारखान्यात टाकी हाताला कोमट लागत होती. सासूबाई टाकीवर हात ठेवून उभ्या होत्या, ताप बघावा तशा.

नेमका तेव्हा साहेबांचा फोन आला. येताय ना, जागा किती दिवस रिकामी ठेवू, असं ते विचारत असावेत. वन्संनी नुसता फोन टाकीला लावून धरला.

‘‘ऐकू आलं?’’ मग त्या म्हणाल्या. ‘‘हो, आवाज आहे खरा. नाही, नळ नाही गळत. साहेब, मी येत नाही आता.’’

सासूबाईंनी एकदम वळून फडकं उचललं आणि जिथे काही सांडलं नव्हतं ती फरशी पुसायला घेतली.

हिवाळाभर वाइन शांत होत गेली. गाळ खाली बसला, वरचं निथळ झालं, वन्संनी ते दोनदा काढून दुसऱ्या भांड्यात घेतलं. चोथा पिळायच्या दिवशी यांचं यंत्र इतकं ओरडलं की भोंगेकाकांनाही ऐकू गेलं आणि ते अभिमानाने बघायला आले. बाटल्यांत भरायची वेळ आली तेव्हा नावाचा प्रश्न निघाला. यांनी बोटींची नावं सुचवली. वन्संनी काही ऐकून घेतलं नाही. त्यांनी आधीच ठरवलं होतं, आणि छापूनही आणलं होतं. पांढऱ्या चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरं, ‘पारोशी’.

‘‘माझी अब्रू बाटलीवर चिकटवलीस,’’ सासूबाई म्हणाल्या, पण सगळ्या चिठ्ठ्या त्यांनीच चिकटवल्या, एकही वाकडी नाही.

बाटल्या भरून झाल्या त्या दिवशी वन्संनी पहिला पेला माझ्या हातात दिला. मी नाकाशी धरला. काळ्या मनुका, ओली लाकडं, भिजलेला दोरखंड, आणि सगळ्यात शेवटी, वारा सुटल्यावर खिडकी उघडली की येतो तो वास. तसं सांगितलं. वन्संनी एक घोट घेतला आणि पेला उजेडाकडे धरून बघत राहिल्या. यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, ‘‘मीठ आहे.’’ मग तिसरा घेतला आणि म्हणाले, ‘‘असू दे.’’

‘‘आई, तू?’’

‘‘आत्ता नको,’’ सासूबाई म्हणाल्या.

बंदरावरच्या खानावळीची मालकीण ज्या दिवशी दुपारी चव बघायला येणार होती, त्या दिवशी घरात कोणाचा पाय ठरत नव्हता. वन्संनी कारखान्यात टेबल मांडलं, पेले मांडले, पुन्हा हलवले. भरलेली सगळ्यात पहिली बाटली त्यांनी मधल्या फळीवर एकटीच उभी केली होती. ‘‘ही कधीच उघडायची नाही,’’ त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. ‘‘ही आठवण.’’

मालकीण आली. उंच, गंभीर बाई, डोळे मिटून घोट घेणारी. पहिल्या घोटाला तिने भुवया वर केल्या. दुसऱ्याला म्हणाली, ‘‘हे माशाबरोबर मी कोणालाही देईन.’’ वन्सं एकदम बोलायला लागल्या, हे मधेमधे यंत्राबद्दल सांगायला लागले, मालकीण किती बाटल्या मिळतील विचारायला लागली. मी पेले धुवायला म्हणून उठले आणि माझं लक्ष मधल्या फळीकडे गेलं. बाटली नव्हती.

मी मागच्या दाराशी गेले. सासूबाई तिथे केस नीट करत उभ्या होत्या. शालीखाली बाटलीचं बूच दिसत होतं. दुसऱ्या हातात पंचात गुंडाळलेले दोन पेले होते. आपले, घरचे. त्या घरच्या पेल्यांवर विश्वास ठेवतात.

त्यांनी मला बघितलं. मी बाजूला झाले आणि दार उघडून धरलं.

‘‘तिला आता मधेच सांगू नकोस,’’ त्या हळू म्हणाल्या. ‘‘बोलू दे तिला.’’

कुंपणाला मधून वाट नाही, रस्त्याने वळसा घालून जावं लागतं. त्या पायऱ्या उतरल्या, रस्त्याला लागल्या आणि बाटली हलू नये म्हणून सावकाश, एकेक पाऊल टाकत भोंगेकाकांच्या फाटकाकडे निघाल्या.